‘वर्तुळफल’ : ग्रंथाची प्रस्तावना

त्रिज्येचा वर्ग करून त्याला बावीस सप्तमांशाने गुणावे, म्हणजे वर्तुळाचे क्षेत्रफळ हाती येते, हा नियम शाळेचा उंबरठा ओलांडलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या कानांवरून एकदा तरी गेलेला असतो. परंतु तो खरा कशावरून, अशी पृच्छा केली असता समाधानकारक उत्तर देणारा मनुष्य विरळाच आढळतो. आयताचे क्षेत्रफळ लांबी-रुंदीच्या गुणाकाराएवढे का, हे हातभर लांबी-रुंदीचे चौकोन मांडून लहान मुलासही दाखविता येते, आणि काटकोन त्रिकोण हा आयताचा निमा भाग आहे ही गोष्ट एक कागद तिरपा कापला की पटते. वर्तुळापाशी मात्र हा सरळ मार्ग खुंटतो. गोल अंगणात चौकोनी फरशा बसवू लागलो तर कडेला फटी राहतात, त्या बुजविण्यासाठी लहान फरशा घेतल्या तर लहान फटी राहतात, आणि हा क्रम कितीही पुढे नेला तरी शेवटची फट म्हणून बुजत नाही. अशा या अडचणीच्या जागी येऊन पोहोचले की शिक्षक समजुतीची वाट सोडून पाठांतराची धरतो, आणि विद्यार्थीही सूत्र पाठ करून सुटका झाल्याचे समाधान मानतो. त्या सोडून दिलेल्या वाटेने वाचकाला पुन्हा एकदा चालवीत न्यावे, एवढ्याच हेतूने प्रस्तुत ग्रंथ सिद्ध केला आहे.

एका सूत्रासाठी अवघा ग्रंथ कशाला, अशी शंका कोणी घेतली तर ती गैरवाजवी म्हणता येणार नाही, म्हणून तिचा खुलासा आरंभीच करतो. शाळेतील सूत्रात वस्तुतः दोन स्वतंत्र विधाने एकत्र गुंडाळलेली आहेत. पहिले विधान असे की, वर्तुळाचे क्षेत्रफळ हे त्याच्या अर्ध्या परिघाला त्रिज्येने गुणले असता येणाऱ्या गुणाकाराइतके असते. हे विधान पूर्णपणे अचूक आहे. त्यात स्थूल-सूक्ष्माचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि त्याची सिद्धता हाती आली की त्यात भर घालण्यासारखे काही उरत नाही. दुसरे विधान परिघाचे व्यासाशी असलेले गुणोत्तर कोणत्या संख्येने दाखवावे यासंबंधीचे आहे, आणि ही संख्या अशी विलक्षण की कोणत्याही अपूर्णांकात ती पुरती सापडत नाही. तिच्या जवळ जाता येते, हवे तितके जवळ जाता येते, पण तिला अंकांत संपविता येत नाही. नियम नेमका आणि संख्या आसन्न, असे हे जोडपे आहे. ही दोन विधाने एका सूत्रात मिसळून शिकविली जातात, म्हणूनच बावीस सप्तमांश हा वर्तुळाचा स्वभावच आहे अशी समजूत घेऊन हजारो विद्यार्थी शाळेबाहेर पडतात. ज्या जुन्या गणितज्ञांचा परिचय या ग्रंथात करून दिला आहे, त्यांपैकी थोरांनी हा भेद कटाक्षाने पाळला होता, आणि या विषयाचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशी हा भेद स्पष्ट होत जाण्याचाच इतिहास आहे, असे माझे मत झाले आहे.

आरंभीच्या काळात अर्थातच असा भेद दिसत नाही. इसवी सनापूर्वी १६५० च्या सुमारास अहमोस नावाच्या मिसरी लेखनिकाने एका जुन्या पोथीवरून नकललेल्या पपायरसात, नऊ मापे व्यासाच्या गोल शेताचे क्षेत्रफळ काढताना व्यासाचा नववा हिस्सा वजा करून उरलेल्या आठांचा वर्ग, म्हणजे चौसष्ट, एवढे उत्तर दिले आहे. खरे उत्तर त्रेसष्ट आणि सहा दशांशांच्या किंचित पुढे येते, तेव्हा नाईलच्या पुरानंतर शेतांची पैमाश करणाऱ्या कारभाऱ्यांचे काम त्यावर बिनहरकत भागत असले पाहिजे. बाबिलोनच्या मृत्तिकाफलकांत परिघाचा वर्ग करून त्याचा बारावा भाग घेण्याची रीत आढळते, आणि ती गुणोत्तर तीन मानण्यासारखीच आहे. या दोन्ही ठिकाणी कृती सांगितलेली आहे. कारण मात्र सांगितलेले नाही.

आपल्याकडे हा प्रश्न शेतातून उद्भवलेला दिसत नाही. तो यज्ञवेदीतून आला. गार्हपत्य अग्नीचे स्थान गोल, आहवनीयाचे चौरस आणि दक्षिणाग्नीचे अर्धवर्तुळाकार, असे असूनही त्यांची क्षेत्रे समान असावीत असा दंडक घालून दिल्यामुळे, दिलेल्या चौरसाएवढे वर्तुळ आणि दिलेल्या वर्तुळाएवढा चौरस काढणे हे शुल्बकारांना विधीचाच एक भाग म्हणून प्राप्त झाले. बौधायनाची रीत दोरी आणि खुंटी यांच्या साहाय्याने कोणत्याही अंगणात करून पाहता येते: चौरसाच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतची दोरी बाजूच्या दिशेने फिरवावी, ती बाजूबाहेर जेवढी जाईल तेवढ्या भागाचा तिसरा हिस्सा अर्ध्या बाजूत मिळवावा, आणि तेवढ्या त्रिज्येने वर्तुळ काढावे. दोन हात बाजूच्या चौरसावर ही रीत चालविली तर चार चौरस हातांऐवजी चार आणि सात शतांश एवढे क्षेत्र येते. चूक शेकडा दोनांच्या आतच राहते. दोरीच्या जाडीचा आणि जमिनीच्या उंचसखलपणाचा विचार केला तर या चुकीला दोष म्हणावे असे मला वाटत नाही. आणि दोन भिन्न आकृती क्षेत्रफळाने समान असू शकतात, त्या समतेचा शोध घेणे हे कर्तव्य होय, ही जी दृष्टी त्यामागे उभी आहे, ती तर पुढील सर्व शास्त्राची जननी आहे.

कारण विचारण्याची सक्ती प्रथम ग्रीकांनी आपणांवर लादून घेतली. यूक्लिडच्या बाराव्या पुस्तकातील दुसरा सिद्धान्त असा की, दोन वर्तुळांची क्षेत्रे त्यांच्या व्यासांवरील चौरसांच्या प्रमाणात असतात. त्याची सिद्धता युडोक्ससच्या निःशेष पद्धतीने केलेली आहे, आणि गुणोत्तराची संख्या कोणती हा प्रश्न तेथे उच्चारलाही गेलेला नाही. त्यानंतर सिराक्यूजच्या आर्किमिडीजने ‘वर्तुळमापन’ या अवघ्या तीन सिद्धान्तांच्या चिमुकल्या निबंधात जे केले ते पाहून, दोन सहस्र वर्षे लोटून गेल्यावरही, मन आदराने भरून येते. ज्या काटकोन त्रिकोणाची एक बाजू त्रिज्येएवढी आणि दुसरी परिघाएवढी आहे, त्या त्रिकोणाएवढे वर्तुळाचे क्षेत्र असते, हे त्याचे पहिले विधान. ते सिद्ध करताना तो वर्तुळ त्रिकोणात रूपांतरित करून दाखवीत नाही, तर वर्तुळ त्रिकोणाहून मोठे नाही आणि लहानही नाही एवढेच दाखवितो. क्षणभर असे समजा की वर्तुळ मोठे आहे. मग वर्तुळाच्या आत बाजू वाढवीत-वाढवीत असा सुसम बहुभुज बसविता येईल की जो वर्तुळाच्या इतका लगत येईल की तोही त्या त्रिकोणाहून मोठाच ठरेल. परंतु आतील बहुभुजाची परिमिती परिघाहून कमी, आणि मध्यापासून त्याच्या बाजूवर टाकलेला लंब त्रिज्येहून कमी, तेव्हा त्याचे क्षेत्र त्रिकोणाहून कमीच असले पाहिजे. म्हणजे मूळ गृहीत टिकत नाही. वर्तुळ लहान आहे असे मानले तर बाहेरचा बहुभुज घेऊन हाच न्याय उलट्या बाजूने लागू होतो. शेवटच्या फटीचा प्रश्न येथे मोठ्या चातुर्याने मिटविला आहे: ती फट बुजविण्याची गरजच ठेवलेली नाही. संख्येचा विचार त्याने तिसऱ्या सिद्धान्तासाठी राखून ठेवला, आणि तेथे शहाण्णव बाजूंच्या बहुभुजांनी वर्तुळाला आतून-बाहेरून आवळून, गुणोत्तर तीन पूर्णांक दहा एकाहत्तरांशाहून अधिक आणि तीन पूर्णांक एक सप्तमांशाहून कमी आहे, असा दोन्ही बाजूंचा फैसला दिला. आपला बावीस सप्तमांश तो हाच. परंतु आर्किमिडीजने त्याला वरची मर्यादा म्हटले होते, आणि आपण त्याला किंमत म्हणू लागलो.

चीनमध्ये अर्ध्या परिघाला अर्ध्या व्यासाने गुणण्याचा नियम ‘नऊ प्रकरणांचे अंकशास्त्र’ या प्राचीन ग्रंथात आलेला असून, इसवी सन २६३ मध्ये त्यावर भाष्य लिहिणाऱ्या ल्यू हुई याने बहुभुजांच्या बाजू वाढवीत तो समजावून दिला; आणि पाचव्या शतकातील त्सू छुंग-च याने तीनशेपंचावन्न एकशेतेरांश हा जो अपूर्णांक काढला, तो सहा दशांश स्थळांपर्यंत बिनचूक आहे.

भारतीय सिद्धान्तकाळाकडे वळले म्हणजे आरंभीच आर्यभट उभा राहतो. इसवी सन ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने परिघार्ध गुणिले व्यासार्ध हा क्षेत्रफळाचा नियम एका अर्ध्या आर्येत सांगितला, आणि परिघाची संख्या त्याच प्रकरणातील निराळ्या श्लोकात दिली: वीस हजार व्यासाला बासष्ट हजार आठशे बत्तीस, आणि तीही आसन्न. हा एक शब्द त्याने घातला नसता तर श्लोकाचे काही अडले नसते. परंतु तो घातल्यामुळे नियम एकीकडे, संख्या दुसरीकडे, असा जो भेद मी वर सांगितला तो त्याच्या मनात किती स्वच्छ होता याचा दाखला मिळतो. पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या संधिकाळी केरळातील नीलकंठ सोमयाजी याने भाष्य करताना याच शब्दावर बोट ठेवले आणि असे प्रतिपादन केले की, ज्या मापाने व्यास शेष न उरता मोजला जातो त्याच मापाने परीघ मोजला असता शेष उरणारच. शेष लहान करता येईल, नाहीसा करता येणार नाही. येथे एक गोष्ट लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. वर्तुळाचा नियम जेथे आहे त्याच श्लोकाच्या उत्तरार्धात आर्यभटाने गोलाच्या घनफळाचा जो नियम दिला आहे तो चुकीचा आहे. थोर पुरुषाच्या एका ओळीत पूर्ण सत्य आणि लगतच्या ओळीत स्खलन, असे दृश्य शास्त्राच्या इतिहासात दुर्मिळ नाही, आणि ते दडविल्याने त्या पुरुषाची थोरवी वाढतही नाही.

जैन परंपरेने दहाचे वर्गमूळ हे गुणोत्तर मानले आणि लक्ष योजने व्यासाच्या जंबूद्वीपाचा परीघ तीन लक्ष सोळा हजार दोनशे सत्तावीस योजनांवर आणखी काही, असा अंगुळांपर्यंत बारकाईने हिशेब केला. त्या आकड्यातील हौस कौतुकास्पद आहे, पण अहमोसचा आकडा त्याहून किंचित अधिक जवळचा होता. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या कारकीर्दीत ‘गणितसारसंग्रह’ लिहिणाऱ्या महावीराचार्यानेही व्यवहारासाठी तीन आणि सूक्ष्मतेसाठी दहाचे वर्गमूळ हीच मूल्ये स्वीकारली. संख्येच्या दृष्टीने ब्रह्मगुप्तही याच पंक्तीतला, परंतु त्याने इसवी सन ६२८ मध्ये नियमाला जे रूप दिले ते माझ्या दृष्टीने अत्यंत मोलाचे आहे. व्यासाला ज्या गुणकाने गुणून परीघ येतो त्याच गुणकाने व्यासार्धाच्या वर्गाला गुणले असता क्षेत्रफळ येते, असे त्याने दोन्ही गोष्टी एका सूत्रात ओवून सांगितले. म्हणजे आजच्या शाळेतील त्रिज्यावर्गाचे सूत्र आपल्या परंपरेत इतक्या स्पष्टपणे तेथे दिसते. परीघ ही लांबी, क्षेत्रफळ हा विस्तार. या दोन भिन्न जातींच्या राशींना एकच गुणक का लागावा? या प्रश्नाने ज्याला एकदाही अस्वस्थ केले नाही, त्याने सूत्र वापरले असेल, पण पाहिलेले नाही.

सह्याद्रीच्या परिसरात राहणाऱ्या भास्कराचार्यांनी इसवी सन ११५० मध्ये ‘लीलावती’त हा विषय मांडला तेव्हा त्याला जी सुबकता आली ती पुढे कोणालाही साधली नाही. परिघाला व्यासाच्या चतुर्थांशाने गुणले की वर्तुळाचे क्षेत्र, त्याची चौपट म्हणजे गोलाचे पृष्ठफळ, आणि त्याला व्यासाने गुणून सहांनी भागले की गोलाचे घनफळ. आर्यभटाची चूक येथे निःशब्दपणे दुरुस्त झाली आहे. संख्येच्या बाबतीत त्यांनी सूक्ष्म कामासाठी तीन हजार नऊशे सत्तावीस भागिले बाराशे पन्नास आणि व्यवहारासाठी बावीस भागिले सात अशी दोन मापे शेजारी-शेजारी ठेवली, आणि धान्याच्या राशी मोजताना तर परिघाच्या षष्ठांशाचा वर्ग करून त्याला उंचीने गुणण्याची जी रीत सांगितली तीत गुणोत्तर तीनच धरलेले आहे. खळ्यावरच्या राशीला तीन पुरेत, ग्रहगणिताला पुरणार नाहीत, हा विवेक म्हणजे गणिताचे व्यवहारज्ञान होय. या ग्रंथाचे भाग्यही थोर: भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचे चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेख सांगतो, अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’ फारसीत उतरविली, आणि १८१६ साली तिचे इंग्रजी भाषांतर मुंबईतच छापले गेले.

परंतु ‘लीलावती’ नियम सांगते, उपपत्ती सांगत नाही, आणि ज्या उपपत्तीभोवती हा सबंध ग्रंथ गुंफला आहे ती आपल्याच कोकणात लिहिली गेली. आजच्या रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ समुद्रकाठी नांदगाव म्हणून गाव आहे. तेथील गणेश दैवज्ञ, ज्याच्या ‘ग्रहलाघवा’वर महाराष्ट्रातील पंचांगे पिढ्यान्‌पिढ्या चालली, त्याने १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. क्षेत्रफळाचा नियम समजावताना तो म्हणतो त्याचा आशय असा की, वर्तुळाचे दोन समान भाग करावेत, प्रत्येक अर्धाच्या मध्यापासून कडेपर्यंत टोकदार पाकळ्या पाडाव्यात, कड अखंड ठेवून दोन्ही अर्ध उलगडून सरळ पसरावेत, आणि एकाच्या पाकळ्या दुसऱ्याच्या फटींत बसवाव्यात. करवतीचे दाते करवतीत बसावेत तशी ती दोन अर्धे एकमेकांत बसतात, आणि जी आकृती तयार होते तिची लांबी अर्ध्या परिघाएवढी आणि रुंदी त्रिज्येएवढी असते. आठ पाकळ्यांत कडा फुगीर दिसतात, चोवीसांत तो फुगवटा डोळ्याला जेमतेम जाणवतो, आणि शंभरांत तर पट्टी लावली तरी कळू नये अशी सरळ रेषा होते. परीघ आणि क्षेत्रफळ यांना एकच गुणक का, या प्रश्नाचे उत्तर येथे हातात धरता येते: वर्तुळाची कड हीच आयताची लांबी झालेली असते. याच धाटणीची मांडणी केरळातील ज्येष्ठदेवाने सुमारे १५३० मध्ये मलयाळम भाषेत लिहिलेल्या ‘युक्तिभाषा’ ग्रंथातही आहे, म्हणून अग्रमानाचा वाद मी घालीत नाही. माझा आग्रह एवढाच आहे की नांदगावच्या या उपपत्तीचा पाठ महाराष्ट्रातील मुलांना नांदगावच्या नावानिशी मिळावा. आर्किमिडीजच्या कसोटीला लावले तर तीत एक उणीव निश्चित आहे. फुगवटा कमी-कमी होतो हे दिसते, पण तो दिलेल्या कोणत्याही मापाहून लहान करता येतो हे वेगळे सिद्ध करावे लागते. एका उपपत्तीने बुद्धी वळते आणि दुसरीने ती बांधली जाते. वाचकाला दोन्हींची गरज आहे, आणि क्रमही हाच असावा.

कापून उलगडण्याचा आणखी एक प्रकार बाराव्या शतकातील बार्सेलोनाचा यहुदी पंडित अब्राहम बार हिय्या याच्या नावावर आहे, आणि तो कांदा चिरणाऱ्या कोणालाही समजेल: वर्तुळ म्हणजे एकात एक बसलेले पापुद्रे, त्रिज्येवर एक चीर देऊन ते सरळ केले की सर्वांत बाहेरचा परिघाएवढा, सर्वांत आतला शून्यवत्, असा पापुद्र्यांचा त्रिकोण उभा राहतो, आणि तो आर्किमिडीजचाच त्रिकोण असतो.

संख्येच्या शोधाचा प्रवाह मात्र बहुभुजांचा काठ सोडून निराळ्या पात्राने वाहू लागला, आणि तो प्रथम केरळातच वळला. चौदाव्या शतकातील संगमग्रामच्या माधवाने एक वजा तृतीयांश अधिक पंचमांश वजा सप्तमांश अशी न संपणारी श्रेढी रचून, आणि ती कोठेही तोडली तरी उरलेला भाग भरून काढणारे संस्कार जोडून, अकरा दशांश स्थळांपर्यंत बरोबर येणारे मूल्य मिळविले. चार्ल्स व्हिश या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १८३४ मध्ये या ग्रंथांकडे युरोपीय विद्वानांचे लक्ष वेधले, तरी त्यांना न्याय मिळण्यास आणखी शतकाहून अधिक काळ जावा लागला. युरोपात व्हिएत, वॉलिस, ग्रेगरी, लायब्निझ यांनी अनंत गुणाकार आणि अनंत श्रेढी यांचा मार्ग स्वतंत्रपणे प्रशस्त केला, विल्यम जोन्सने १७०६ मध्ये या गुणोत्तराला ग्रीक अक्षर ‘पाय’ बहाल केले, आणि ऑयलरच्या लेखणीने ते रूढ झाले. त्यानंतर १७६१ मध्ये लाम्बर्टने ही संख्या अपरिमेय असल्याचे सिद्ध केले आणि नीलकंठाच्या प्रतिपादनाला सिद्धतेचे बळ मिळाले. १८८२ मध्ये लिंडेमानने ती बीजातीत असल्याचे दाखविले, आणि पट्टी-कंपासाने वर्तुळाएवढा चौरस काढण्याची मानवाची प्राचीन आशा कायमची निकालात निघाली. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तर १७७५ मध्येच अशा चौरसीकरणाचे अर्ज तपासणे बंद केले होते. तथापि आसन्न चौरस काढण्यास कोणाचीच मनाई नव्हती, आणि श्रीनिवास रामानुजन यांनी १९१३ मध्ये दिलेली रचना इतकी सूक्ष्म आहे की एक लक्ष चाळीस हजार चौरस मैलांच्या वर्तुळासाठीही चौरसाची बाजू फक्त एखाद्या इंचाने अधिक येते. बौधायनाच्या दोरीपासून रामानुजनांच्या कंपासापर्यंत पोहोचताना मन थांबून मागे पाहते.

हा विषय येथे संपला असे समजणाऱ्यांना मी हंगेरीतील मिक्लोश लाच्कोविच यांच्या कार्याकडे पाहण्याची विनंती करीन. वर्तुळाचे मर्यादित संख्येचे तुकडे करून ते पुन्हा जुळवून त्याच क्षेत्रफळाचा चौरस करता येईल काय, हा प्रश्न तार्स्कीने १९२५ मध्ये विचारला होता. कात्रीने कापलेल्या तुकड्यांनी ते शक्य नाही हे मध्यंतरी सिद्ध झाले, आणि १९९० मध्ये लाच्कोविच यांनी असे दाखविले की कात्रीने पाडता येणार नाहीत असे विचित्र तुकडे घेण्याची मुभा असेल तर ते शक्य आहे. नांदगावच्या पाकळ्यांचा प्रश्नच जणू सुमारे साडेचारशे वर्षांनी नव्या वेषात परत आला.

आज या विषयाची जरूरी काय, हे सांगताना मला लहानपणीची एक विहीर आठवते. आमच्या आजोबांनी वीस फूट व्यासाची विहीर खोदण्याचा मक्ता दिला होता, आणि काम सुरू होण्याआधी त्यांच्या मनात आले की ती चोवीस फूट करावी. व्यास पाचव्या हिश्शाने वाढला, तेव्हा मक्त्याची रक्कमही पाचव्या हिश्शाने वाढेल असा त्यांचा अंदाज होता. मुकादमाने जवळजवळ दीडपट मागितली, आणि दोन दिवस बोलणे तुटण्याच्या बेतास आले. अखेर त्या मुकादमाने, ज्याला पाढ्यांपलीकडे गणित येत नव्हते, काठीने मातीत दोन चौकोन काढले आणि म्हणाला, “आबा, विसाचे झाले पाच, चोविसाचे झाले सहा, पाच पाचे पंचवीस, सहा सक छत्तीस. माती छत्तिसाच्या हिशेबानं निघंल, तिसाच्या न्हाई.” फुटामागे तीन ब्रासांच्या किंचित वर निघणारा मुरूम आता साडेचार ब्रास निघणार होता. आजोबांनी मागणी कबूल केली. पुढे पुष्कळ वर्षांनी यूक्लिडचे बारावे पुस्तक वाचताना माझ्या ध्यानी आले की त्या मुकादमाने पायची संख्या न वापरता, नेमका तोच सिद्धान्त मातीत काढून दाखविला होता.

ही वर्गाची वाढ ज्याच्या बुद्धीत मुरली नाही तो अर्ध्या इंचाच्या नळाऐवजी एक इंची नळ घेताना पाण्याला दुप्पट वाट मिळेल असे समजतो, आणि ती चौपट मिळते. नारायणगावाजवळ खोडद येथे उभ्या असलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर आहे. म्हणजे एकेका तबकडीच्या तोंडाचे क्षेत्र सुमारे एक हजार पाचशे नव्वद चौरस मीटर, आणि तिसांचे मिळून पावणेपाच हेक्टरांच्या थोडे वर. दूरच्या आकाशगंगेतून येणारी क्षीण ऊर्जा किती गोळा होईल हे या क्षेत्रावर अवलंबून असते, आणि तबकडीचा व्यास ठरविणाऱ्या अभियंत्याला आमच्या मुकादमाच्याच हिशेबातून जावे लागते. उलटपक्षी पायच्या अंकांचा जो सोस आज संगणकांच्या बळावर चालला आहे त्याचा मापनाशी फारसा संबंध उरलेला नाही. ग्रहांवर याने पाठविणाऱ्यांचेही काम पंधरा दशांश स्थळांत भागते.

शिक्षणाच्या दृष्टीने एक दुखणे याहून गंभीर आहे. महाविद्यालयात संकलनाने वर्तुळाचे क्षेत्रफळ काढून दाखवितात तेव्हा विद्यार्थ्याला वाटते की आता खरी सिद्धता मिळाली. परंतु त्या संकलनात ज्या भुजज्येचे विकलन वापरले जाते, त्या विकलनाच्या मुळाशी लहान कोन आणि त्याची ज्या यांच्या गुणोत्तराची सीमा असते. आणि ती सीमा बहुतेक पाठ्यपुस्तकांत वर्तुळाच्या पाकळीचे क्षेत्रफळ गृहीत धरून सिद्ध केलेली असते. जे सिद्ध करावयाचे तेच पायात पुरून त्यावर इमारत उभारलेली, असा हा प्रकार आहे. यातून बाहेर पडण्याचे मार्ग आहेत, आणि ते ग्रंथाच्या उत्तरार्धात तपशिलाने दिले आहेत; परंतु ही अडचण विद्यार्थ्यापासून लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही, कारण ती अडचण ओळखता येणे हीच त्याच्या प्रौढत्वाची पहिली खूण आहे.

तेव्हा प्रस्तुत ग्रंथात काय करण्याची तजवीज आहे ते थोडक्यात सांगतो. नियम आणि संख्या यांचा विचार येथे अखेरपर्यंत वेगळा ठेवला आहे. प्रथम संख्येचे नावही न काढता नियम सिद्ध केला असून, संख्या पुढे जसजशी लागली तसतशी घेतली आहे. कालक्रम सर्वत्र पाळलेला नाही, कारण एकाच कल्पनेची रूपे सिराक्यूज, नांदगाव आणि बार्सेलोना येथे शेजारी-शेजारी ठेवून पाहिली म्हणजे ती अधिक स्पष्ट होते असा माझा अध्यापनातील अनुभव आहे. श्रेढींच्या प्रदेशात मी वाचकाला माधवाच्या पलीकडे फार दूर नेले नाही. तो प्रदेश स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. परिभाषेत त्रिज्या, व्यास, परीघ हे रूढ शब्द ठेवले आहेत, दोन त्रिज्या आणि कंस यांनी वेढलेल्या भागाला ‘द्वैत्रिज्य’ या जुन्या संज्ञेऐवजी ‘पाकळी’ म्हटले आहे, आणि ग्रीक अक्षराचा उपयोग जेथे त्यावाचून अडले तेथेच केला आहे. सातवी-आठवीपर्यंतच्या अंकगणिताखेरीज वाचकाकडून पूर्वार्धात कोणतीही अपेक्षा नाही. उत्तरार्धात बीजगणित लागेल, आणि शेवटच्या दोन प्रकरणांत सबुरीही लागेल.

ग्रंथाच्या अखेरीस एका जाड कागदावर चोवीस पाकळ्यांचे वर्तुळ छापून जोडले आहे, आणि कापण्याच्या रेषा कडेपासून सुतभर अलीकडे थांबविल्या आहेत, म्हणजे गणेश दैवज्ञाने सांगितल्याप्रमाणे कड तुटणार नाही. वाचकाने ते पान अगोदर फाडून घ्यावे, वर्तुळ व्यासावर दुभागावे, रेषांवरून कात्री चालवावी, आणि दोन्ही अर्धे एकमेकांत बसवून मगच पहिल्या प्रकरणाला हात घालावा.